कोरे पान

मुलांनो, धर्माबादचे नाव काढले की मिरची आठवते. हंगामात बाजारात लाल मिरचीचे ढीग लागतात, लिलाव होतात आणि नुसत्या वासाने ठसका लागतो. समजा, अशाच एका आडतीवर एक मुनीम बसला आहे. माल काट्यावर चढतो, मुनीम वजन आणि भाव लिहितो. पण गर्दीत त्याला खातेवही उघडायला सवड नसते. म्हणून तो आकडे आधी पाटीवर लिहितो आणि उसंत मिळाली की वहीत उतरवतो. काम झपाट्याने होते. मात्र मध्येच अवकाळी पाऊस आला आणि पाटी भिजली, तर?

संगणकातही अशी एक पाटी आणि एक वही असते. पाटी म्हणजे तात्पुरती स्मृती. ती फार चपळ असते, पण वीज गेली की पुसली जाते. वही म्हणजे डिस्क. ती सावकाश लिहिते, पण लिहिलेले टिकवते. या दोघींमध्ये बसलेल्या मुनिमाला फाइल सिस्टीम म्हणतात. तो वहीच्या सुरुवातीला अनुक्रमणिका ठेवतो. कोणती फाइल कोणत्या पानावर आहे आणि ती केवढी आहे, हे तीत लिहिलेले असते.

लिनक्स ही संगणक चालवणारी एक मोफत प्रणाली आहे. तिच्यात 'एक्स्ट३' नावाचा जुना मुनीम होता. तो साधारणपणे दर ५ सेकंदांनी अनुक्रमणिका पक्की करी आणि त्याआधी नवा मजकूर पानावर उतरवी. डिसेंबर २००८ मध्ये त्याचा वारस 'एक्स्ट४' वापरासाठी तयार असल्याचे जाहीर झाले. हा नवा मुनीम हुशार होता. मजकुराला कोणते पान द्यायचे, हे तो लगेच ठरवत नसे. थोडा थांबे, सगळा मजकूर जमू देई आणि मग सलग पाने देई. त्यामुळे वेग वाढला आणि एका फाइलचे तुकडे दहा ठिकाणी विखुरणे कमी झाले. पण मजकूर अर्धा मिनिट किंवा त्याहूनही जास्त वेळ पाटीवरच राहू लागला.

२००९ च्या सुरुवातीला तक्रारी येऊ लागल्या. संगणक अचानक बंद पडला आणि पुन्हा सुरू केला, की काही फाइली रिकाम्या निघत. नाव जागेवर, पण आत एक अक्षरही नाही! नवा मजकूर गेला, हे एक वेळ समजू शकते. पण जुना कुठे गेला?

आपल्या मुनिमाकडेच पाहू. एका शेतकऱ्याचे जुने खाते १२ व्या पानावर आहे. सुधारलेले खाते पाटीवर तयार आहे. मुनिमाने अनुक्रमणिकेत १२ वे पान खोडले आणि त्या जागी नव्या खात्याची नोंद केली. खाते मात्र पाटीवरच राहिले. तेवढ्यात पाऊस आला. आता अनुक्रमणिका नवे खाते दाखवते, पण ते कोरे आहे. जुने पान तर आधीच मोडीत निघाले आहे.

अनेक प्रोग्राम फाइल याच रीतीने बदलत. नवा मजकूर वेगळ्या नावाने लिहायचा आणि मग त्याला जुन्या फाइलचे नाव द्यायचे. काही त्याहून धीट होते. ते जुनी फाइल आधी पुसत आणि मग नवी लिहीत. एक्स्ट३ च्या सवयीमुळे हे बहुतेक वेळा निभावून जाई. एक्स्ट४ ने अनुक्रमणिका आधी पक्की केली आणि मजकूर मागे ठेवला, तेव्हा फटका बसला.

मग चूक कोणाची? यावर मोठा वाद झाला. एक्स्ट४ चे काम सांभाळणारे थिओडोर त्सो यांचे म्हणणे असे, की नियमाप्रमाणे प्रोग्रामने 'एफसिंक' हा हुकूम द्यायला हवा. त्याचा अर्थ, 'आत्ताच वहीत उतरव.' हुकूम दिलाच नाही, तर मुनिमाला दोष कसा देणार? वापरणारे म्हणाले, 'नियम तुमच्याजवळ ठेवा, आमच्या फाइली गेल्या!' दोन्ही बाजूंत तथ्य होते. त्सो यांनी मत बदलले नाही, पण मुनीम मात्र बदलला. मला हेच जास्त आवडते.

दुरुस्ती छोटी होती. नवी फाइल जुन्या फाइलचे नाव घेत असेल, किंवा पुसून पुन्हा लिहिलेली फाइल बंद होत असेल, तर एक्स्ट४ ने थांबायचे नाही. मजकुराला लगेच पाने द्यायची आणि तो उतरवायला घ्यायचा. बाकी फाइलींसाठी थांबण्याची सवय तशीच राहिली, म्हणून वेगही टिकला. जून २००९ मध्ये आलेल्या लिनक्सच्या २.६.३० या आवृत्तीत ही दुरुस्ती होती. मात्र अगदी नव्या फाइलचा मजकूर अजूनही काही काळ पाटीवर असतो. त्यासाठी 'एफसिंक' लागतोच.

शब्दार्थ
आडत – दलालीवर माल विकण्याचे दुकान. मुनीम – हिशेब लिहिणारा (हा 'हिशेब' म्हणजे तुमच्या उर्दूतील 'हिसाब'च). उसंत – फुरसत. अवकाळी – अवेळी येणारा. मोडीत निघणे – निरुपयोगी ठरणे.

स्वाध्याय
१. मुनीम आकडे आधी पाटीवर का लिहितो?
२. नव्या मजकुराबरोबर जुना मजकूरही का नाहीसा झाला, ते तुमच्या शब्दांत लिहा.
३. चूक प्रोग्रामची की फाइल सिस्टीमची? वर्गात दोन गट करून चर्चा करा.