परवानगी असूनही नकार : सर्व्हरवरील सुरक्षा धोरण

जबलपूरच्या ग्वारीघाटास नर्मदास्नानासाठी जाणाऱ्यांना तेथील लहानसे रेल्वे स्थानकही परिचित असते. जबलपूर-गोंदिया हा मार्ग बंगाल नागपूर रेल्वेने विसाव्या शतकाच्या आरंभी घातला, तेव्हा त्याच्या दोन रुळांतील अंतर अवघे अडीच फूट होते. मुंबई-हावडा मार्गावरील मालडबा गोंदियास पोहोचला, की त्याची कागदपत्रे कितीही चोख असोत, ग्वारीघाटाची वाट त्याला बंद असे. माल उतरवून छोट्या गाडीच्या डब्यात भरावा लागे. ती छोटी गाडी २०१५ मध्ये थांबली आणि पुढे मार्ग रुंद झाला. परंतु कागद बिनचूक असूनही प्रवेश न मिळण्याचा प्रकार संगणकाच्या सर्व्हरवर आजही नित्याचा आहे.

समजा, ठेवींच्या व्याजदरांचे नवे पत्रक संकेतस्थळाच्या सर्व्हरवर ठेवले. फाइलीचा मालक योग्य, वाचनाची परवानगी सर्वांना. तरीही ग्राहकाच्या पडद्यावर ‘४०३, प्रवेश निषिद्ध’ हीच अक्षरे उमटतात. लिनक्स कार्यप्रणालीत याचे कारण बहुधा दुसऱ्या कुलपात असते. पहिले कुलूप जुने आहे : फाइल कोणी वाचावी हे तिचा मालक ठरवितो. दुसरे कुलूप म्हणजे ‘सिक्युरिटी-एन्हान्स्ड लिनक्स’, अर्थात एसईलिनक्स. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने ते डिसेंबर २००० मध्ये सर्वांसाठी खुले केले. २००३ मध्ये ते लिनक्सच्या २.६ या आवृत्तीत समाविष्ट झाले. येथे प्रत्येक फाइलीला आणि चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रामला एक लेबल असते. कोणत्या लेबलाने कोणत्या लेबलाला हात लावावा, हे धोरण ठरविते. मालकाची इच्छा त्यापुढे चालत नाही. तिजोरीचा संयुक्त ताबा सांभाळणाऱ्या बँक कर्मचाऱ्यांना हे सहज उमजेल : एक किल्ली हाती असली म्हणजे दार उघडतेच असे नाही.

हा जाच कशासाठी? वेब सर्व्हर बाहेरच्या जगाला सामोरा असतो. कोणा घुसखोराने तो ताब्यात घेतला, तर सर्व्हरला जे वाचता येते ते सारे त्यालाही वाचता येईल. धोरण ही कक्षा आखून देते. ग्राहकांच्या खिशातील अँड्रॉइड फोनमध्येही हीच व्यवस्था असून २०१४ च्या पाचव्या आवृत्तीपासून ती पूर्णतः सक्तीची आहे.

घाईतला कर्मचारी प्रथम फाइलीला ‘७७७’ म्हणजे सर्वांना सर्व अधिकार देतो. त्याने काहीच साधत नाही, कारण अडचण पहिल्या कुलपात नव्हतीच; उलट तेही सताड उघडे राहते. मग तो एसईलिनक्सच बंद करतो. काम त्वरित होते, आणि खरा धोका इथेच आहे : तक्रार मिटल्याने पहारा पुन्हा उभा करण्याची आठवण कोणास राहत नाही.

योग्य वाट नोंदवहीतून जाते. ऑडिटच्या नोंदीत ‘डिनाइड’ हा शब्द शोधावा. कोणत्या लेबलाच्या प्रोग्रामने कोणत्या लेबलाच्या फाइलीवर काय करू पाहिले, हे त्या ओळीत असते. अशी नोंदच नसेल, तर बहुधा दोष पहिल्या कुलपात समजावा, कारण तपासणी तेथून सुरू होते. वरील उदाहरणात पत्रक कर्मचाऱ्याच्या खासगी फोल्डरमधून ‘एमव्ही’ आज्ञेने हलविले असेल, तर जुने ‘यूझर-होम’ लेबल त्याच्यासोबत आले असणार. ‘सीपी’ने प्रत काढली असती, तर नव्या जागेचे लेबल सामान्यतः आपोआप लागले असते, गोंदियास माल दुसऱ्या डब्यात भरावा तसेच. उपाय छोटा आहे : ‘रिस्टोरकॉन’ ही आज्ञा त्या जागेचे विहित लेबल पुन्हा लावते.

संकेतस्थळाचे फोल्डरच वेगळ्या ठिकाणी असेल, तर ‘एसईमॅनेज’ने त्या जागेची नोंद धोरणात करून नंतर रिस्टोरकॉन चालवावे. नुसत्या ‘सीएचकॉन’ने लावलेले लेबल पुढील पुनर्लेबलीकरणात पुसले जाते. संकेतस्थळाला दुसऱ्या यंत्रावरील डेटाबेसशी बोलायचे असेल, तर त्यासाठी धोरणातच तयार स्विच आहेत. तेवढा एक चालू करावा. ‘ऑडिट-टू-अलाउ’ हे साधन मात्र जपून वापरावे. ते नकाराच्या नोंदींवरूनच परवानगीचे नियम तयार करते. त्या नोंदींत घुसखोराचा प्रयत्न असेल, तर त्यालाही वाट मिळेल.

पहारा आधीच दीर्घकाळ बंद असेल, तर तो एकाएकी सक्तीने सुरू करू नये. त्या काळात निर्माण झालेल्या फाइलींना लेबलेच नसतात. प्रथम ‘पर्मिसिव्ह’ अवस्था ठेवावी. तीत अडवणूक होत नाही, केवळ नोंद होते. संपूर्ण डिस्कचे पुनर्लेबलीकरण यंत्र सुरू होताना होते व मोठ्या सर्व्हरवर बराच वेळ घेते, म्हणून ते कामकाजाच्या वेळेबाहेर योजावे. त्यानंतर काही दिवस नोंदी वाचून, राहिलेले दोष दुरुस्त करूनच ‘एन्फोर्सिंग’कडे वळावे.