फळबागेचं शास्त्र शिकशील का?

हे बघ, नीटला पुन्हा बसायचं की नाही, ते तुझं तू ठरव. लातूरच्या ट्यूशन एरियात वर्ष काढलंयस, तिथली तऱ्हा मी तुला काय सांगणार! पण ‘एमबीबीएस नाही तर मग काहीच नाही’ असं तिथं पोरींच्या मनावर जे बिंबतं ना, ते मला मुळीच पटत नाही. म्हणून आज उद्यानविद्येबद्दल बोलते. ‘ॲग्रीला काय, कुणीही जातं’ असं मावशी म्हणेल. म्हणू दे.

तुला वाटत असेल, रोप लावलं, पाणी दिलं, फळ तोडलं, झाली फळबाग. मग सांग बरं, मोसंबीचा बहार धरायच्या आधी शेतकरी बागेचं पाणी का तोडतो? पाणी तोडलं की शेंड्याची वाढ थांबते, पानं पिवळी पडून गळू लागतात आणि झाडानं तयार केलेलं अन्न वाढीत खर्च न होता फांद्यांत साठतं. मग मशागत, खत आणि पहिलं हलकं पाणी, म्हणजे आंबवणी. काही आठवड्यांत झाड फुलानं पांढरं होतं. पाण्याचा हा ताण कमी पडला तर फुलाऐवजी नुसती पालवी फुटते, जास्त झाला तर झाडच वाळतं. हलक्या रानात तो लवकर बसतो, काळ्या भारी रानात वेळ लागतो. बायोलॉजीत तू संप्रेरकांचा धडा पाठ केलास ना, तो इथं रोज कामाला येतो.

आता नांदेडकडे ये. अर्धापूर, मुदखेड हा केळीचा पट्टा, इसापूर धरणाच्या कालव्यानं भिजणारा. आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठाचं केळी संशोधन केंद्रही नांदेडलाच आहे. तिकडच्या बागांत आता जी-नाइन या जातीची टिश्यू कल्चर रोपं सर्रास दिसतात. चांगल्या झाडाच्या कंदातला वाढीचा कोंब काढायचा, निर्जंतुक बाटलीत पोषक द्रव्यावर वाढवायचा, त्याचे कोंबावर कोंब करत जायचे, मग मुळं फुटलेली ती नाजूक रोपं आधी हरितगृहात आणि नंतर शेडनेटमध्ये हळूहळू उन्हाची सवय लावून रानात द्यायची. दीड बाय दीड मीटरवर लावली तर हेक्टरी ४,४४४ बसतात. सगळी एका वयाची, म्हणून घडही पाठोपाठ निसवतात आणि व्यापाऱ्याला एकदम माल मिळतो.

पण यातच धोकाही आहे, आणि मला हे शास्त्र आवडतं ते अशा प्रश्नांसाठी. सगळी झाडं एकाच रक्ताची, म्हणजे एकाला लागणारा रोग सगळ्यांना लागणार. जगाच्या बाजारात पूर्वी ग्रोस मिशेल केळी चालायची. मातीतल्या बुरशीनं होणाऱ्या पनामा मर रोगानं विसाव्या शतकात तिचे मळे बसवले, तेव्हा कॅव्हेंडिश गटातली केळी पुढे आली. आपली जी-नाइन त्याच गटातली. आता त्या बुरशीचा नवा प्रकार कॅव्हेंडिशलाही मारतो आणि तो उत्तर भारतात पोचलाय. रोप कुठून आलं, फावड्याला कुठली माती चिकटलीय, हे बघणारं शिकलेलं माणूस अर्धापुरात नको का?

लातूरची गोष्ट निराळी. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पिण्याचं पाणी आलं, ते तुला लहानपणीचं पुसटसं आठवत असेल. अशा जिल्ह्यात कुठल्या रानात कुठलं झाड लावायचं, हा जगण्याचाच प्रश्न आहे. चिंच, सीताफळ, बोर, जांभूळ ही कमी पाण्यावर तगणारी झाडं. निलंग्याकडच्या पानचिंचोलीच्या चिंचेला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मानांकन मिळालं म्हणून भाव आपोआप वाढत नाही गं. चिंच फोडणं, प्रतवारी, साठवण, पॅकिंग हे कुणीतरी नीट उभं करावं लागतं. काढणीपश्चात तंत्रज्ञान ही उद्यानविद्येचीच शाखा. फळशास्त्र, भाजीपाला आणि फुलशेती या बाकीच्या.

शिक्षण चार वर्षांचं, बीएस्सी ऑनर्स. बारावी सायन्स आणि सीईटी लागते. परभणीला उद्यानविद्या महाविद्यालय आहे. घरापासून फार लांब नाही, आईला तेवढंच बरं. पुढं एमएस्सी करून संशोधनात जाता येतं. द्राक्षाचं राष्ट्रीय केंद्र पुण्याजवळ मांजरीला आहे, डाळिंबाचं सोलापूरला. एमपीएससीची कृषी सेवा, बँकेतलं कृषी अधिकाऱ्याचं पद, टिश्यू कल्चर लॅब, निर्यात करणाऱ्या कंपन्या, स्वतःची रोपवाटिका, असे रस्ते आहेत. सरकारी जागा मोजक्या, जाहिरातीची वाट बघावी लागते. खासगीत सुरुवातीचा पगार बेताचा असतो. तो आकडा ऐकून घरचे नाक मुरडतील, हे आत्ताच सांगून ठेवते. रोपवाटिका चालवायची असेल तर कलम स्वतःच्या हातानं बांधता यायलाच हवं. रंगपूर लिंबाच्या खुंटावर मोसंबीचा डोळा भरताना साल फाटली की डोळा वाळतो.

उन्हातान्हात हिंडावं लागेल, आणि ‘ताई, तुम्हाला काय कळतंय केळीतलं’ असंही कुणी तोंडावर म्हणेल. त्याला घडातलं एक केळ हातात घेऊन दाखवायचं. कडा अजून धारदार आहेत, माल कोवळा आहे. गोलाई आली की काढा, इथिलीनच्या चेंबरमध्ये पिकवा, कार्बाइडला हात लावू नका. त्यावर बंदी आहे. अशा चार गोष्टी पटल्या की तोच माणूस पुढच्या हंगामात आधी तुलाच फोन करतो.

नीट पुन्हा दिलीस तरी सीईटीचा अर्ज भरून ठेव. परभणीला एकदा जाऊन महाविद्यालयाची रोपवाटिका बघून ये. तुझं मन वळलं तर आईबाबांशी बोलायचं माझ्यावर सोपव.