मुलाला प्रशिक्षक व्हायचंय?

पालकहो,

"राज्यापर्यंत खेळला, पुढे काही जमलं नाही. आता म्हणे पोरांना शिकवणार!" मैदानाच्या कठड्याशी उभं राहून कितीतरी आईबाबा मला हे सांगतात. त्या सुरातली खंत मुलापर्यंत पोचते आणि आपण हरलो म्हणूनच इकडे वळलो, असं तो स्वतःच मानू लागतो. ते होऊ नये, म्हणून हे हितगुज.

क्रिकेट प्रशिक्षक रमाकांत आचरेकर सरांच्या नावावर प्रथम श्रेणीचा एकच सामना आहे. पण शिवाजी पार्कवर त्यांच्या हाताखाली सचिन तेंडुलकर, विनोद कांबळी, प्रवीण आमरे घडले. १९९० साली सरांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. खेळणं हे एक कसब, शिकवणं हे दुसरं.

मल्लखांबावर पहिल्यांदा उलटी लटकू पाहणारी सात-आठ वर्षांची मुलगी बघा. पाय वर जातात आणि भीतीने ती डोळे घट्ट मिटते. प्रशिक्षकाचा हात तिच्या पाठीमागे असतो, पण टेकलेला नसतो. टेकला तर ती सगळा भार त्याच्यावर टाकणार, फार लांब राहिला तर ऐनवेळी पोचणार नाही. हे अंतर पुस्तकात सापडत नाही. जाणत्या गुरूच्या शेजारी उभं राहून, गाद्या उचलत, लहानग्यांना वॉर्मअप देतच ते अंगी मुरतं. म्हणून सुरुवातीला मुलगा कुणाचा तरी सहायक असेल, तर त्यात कमीपणा मानू नका.

शिक्षण मात्र हवंच. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत १९६१ पासून प्रशिक्षक घडताहेत. तिथे पदविका आहे, सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रमही आहे. आपल्याकडे अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे. बीपीएड केलं तर शाळेची वाटही खुली राहते. जोडीला प्रथमोपचार शिकायला लावा. परक्यांची लेकरं हाताळायची असतात, तेव्हा मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा काय सांगतो, हेही त्याला नीट माहीत असू द्या.

आता पैशाचं. लपवण्यात अर्थ नाही, पहिली काही वर्षं ओढाताणीची जातात. शाळांमधलं काम बहुधा कंत्राटी, मानधन तासावर, सुट्टीत बॅचेस रिकाम्या. त्या काळात त्याच्या जेवणाखाण्याचा आणि प्रवासाचा भार उचलता आला, तर जरूर उचला. नाहीच जमलं, तर अर्धवेळ नोकरी करून संध्याकाळी मैदान सांभाळणारे पुष्कळ आहेत. तोही मार्ग चांगला आहे. कर्ज काढून लगेच स्वतःची अकादमी थाटायला मात्र साफ नकार द्या. आधी पोरं टिकू देत, पालकांचा विश्वास बसू दे.

आणि एवढं कराच. या आठवड्यात एका संध्याकाळी, त्याला न सांगता मैदानावर जा. सगळ्यात मागे पडलेल्या पोराशी तो कसा बोलतो, ते पाहा आणि मगच त्याच्या भवितव्याबद्दल त्याच्याशी बोला.