पहिली जुनी मोटार

मुंबईत कुर्ला येथे ‘प्रीमिअर ऑटोमोबाइल्स’ या कंपनीचा कारखाना होता. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली ही कंपनी स्थापन केली. प्रारंभी तेथे डॉज, प्लिमथ या अमेरिकन गाड्यांचे भाग जुळवले जात. पुढे इटलीतील फियाट कंपनीशी करार झाला आणि ‘फियाट ११००’ या मोटारीने मध्यमवर्गाच्या मनात घर केले. लालबहादूर शास्त्री यांनी पंतप्रधान असताना, १९६४ मध्ये, अशीच एक फियाट बारा हजार रुपयांना घेतली. त्यांपैकी पाच हजार रुपये बँकेचे कर्ज होते. १९७४ पासून हीच मोटार ‘प्रीमिअर पद्मिनी’ या नावाने ओळखली जाऊ लागली. तिचे उत्पादन २००० सालाच्या सुमारास थांबले. काळ्या अंगाची व पिवळ्या टपाची पद्मिनी टॅक्सी मात्र मुंबईच्या रस्त्यांवर ऑक्टोबर २०२३ पर्यंत धावत होती.

एखाद्या वाड्याच्या पडवीत, ताडपत्रीखाली झाकलेली अशी पद्मिनी अजूनही आढळते. घरातील कोणाला तरी वाटते की, आजोबांची ही गाडी पुन्हा चालती करावी. जुन्या देवळाच्या दुरुस्तीला आपण जीर्णोद्धार म्हणतो. तोच शब्द येथेही शोभतो. मात्र अनेकांचा पहिला प्रयत्न एकाच ठिकाणी फसतो. उत्साहाच्या भरात गाडी दोन दिवसांत सुटी केली जाते आणि ती पुन्हा जुळवताना वर्षे लोटतात. अखेर घरच्यांचा संयम व साठवलेला पैसा दोन्ही संपतात आणि मोटार भंगाराच्या भावाने जाते.

म्हणून पाना हाती घेण्यापूर्वी कागद हाती घ्यावेत. नोंदणी पुस्तिकेतील इंजिन क्रमांक व चॅसी क्रमांक गाडीवरील क्रमांकांशी ताडून पाहावेत. मोटारीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर तिचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. ते झाले आहे का आणि मूळ मालकाच्या पश्चात गाडी कोणाच्या नावावर झाली, याचा उलगडा आधी व्हायला हवा. पन्नास वर्षांवरील वाहनांसाठी केंद्र सरकारने २०२१ मध्ये स्वतंत्र नियम केले. मूळ रूपात जपलेल्या अशा वाहनाला ‘व्हीए’ ही अक्षरे असलेला विशेष क्रमांक मिळू शकतो. परंतु ते रोजच्या कामासाठी किंवा व्यवसायासाठी वापरता येत नाही. हौशी लोक जुन्या गाडीला नव्या धर्तीची चाके व झगमगते दिवे लावतात. त्यात पैसा जातो आणि मूळ रूपही जाते.

यानंतर पत्रा तपासावा. मालमोटारीला खाली जाड लोखंडी चौकट असते व तिच्यावर सांगाडा बसवलेला असतो. पद्मिनीला अशी वेगळी चौकट नाही. पत्र्याचे अंगच सगळा भार पेलते. त्यामुळे तळाला आणि दारांखालच्या पट्ट्यांना लागलेला गंज हा केवळ दिसण्याचा दोष नसून गाडीच्या बळकटीचा प्रश्न असतो. कोकणातील खाऱ्या हवेत व चार महिन्यांच्या पावसात उभी राहिलेली गाडी वरून चकचकीत, पण तळाशी चाळणी झालेली असू शकते. यासाठी एक साधी परीक्षा आहे. लहान चुंबक फडक्यात गुंडाळून पत्र्यावरून फिरवावे. जेथे ते चिकटत नाही, तेथे रंगाखाली जाड लांबी भरलेली आहे असे समजावे. पायाखालचे रबर उचलून तळही पाहावा. इंजिन दुरुस्त करणारे कारागीर मिळतात. कुजलेला तळ कापून नवा पत्रा नेमका जोडणारे थोडे, आणि त्यांची मजुरीही अधिक. नवशिक्याने इंजिन बंद, पण पत्रा धड असलेली गाडी निवडावी. चालू इंजिनाची, पण गंजलेली गाडी पुढे महाग पडते.

पद्मिनीची यंत्ररचना तशी सुबोध आहे. चार सिलिंडरचे १०८९ सीसीचे पेट्रोल इंजिन, एक कार्बोरेटर आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक. संगणक कोठेही नाही. तरीही कामाचा क्रम चुकता कामा नये. पुष्कळ जण रंगापासून सुरुवात करतात, कारण रंग शेजाऱ्यांना दिसतो. सुरुवात ब्रेकपासून व्हावी. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते, त्यामुळे उभ्या गाडीचे चाकांतील ब्रेक सिलिंडर आतून गंजतात. त्यात इंजिन ऑइल चुकूनही ओतू नये. त्याने रबर फुगते. नंतर पेट्रोलची टाकी व नळ्या पाहाव्यात. जुने पेट्रोल राळेसारखे घट्ट होऊन कार्बोरेटरची बारीक छिद्रे बुजवते. रिकाम्या टाकीतही पेट्रोलची वाफ उरते, म्हणून तिच्याजवळ ज्योत नेऊ नये. टाकी जोडायची झाल्यास ते काम जाणत्याकडेच द्यावे. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नये. आधी भक्कम लोखंडी घोड्या लावाव्यात. विजेच्या तारा, मग इंजिन, आसने व काचेभोवतीची रबरे असे करत रंग सर्वांत शेवटी.

हे सर्व मुंबईतच करता येते असे नाही. उदाहरणार्थ, लखनौमध्ये रायबरेली मार्गावर उत्तर प्रदेश आवास विकास परिषदेची ‘वृंदावन योजना’ ही वसाहत आहे. तेथे किंवा कोणत्याही शहरातील अशा वसाहतीत राहणाऱ्याला फाटकाच्या आत जेमतेम एक वाहन उभे करता येत असेल, तर त्याने मोटारीआधी स्कूटर घ्यावी. त्याच शहरातील सरोजिनीनगर येथे ‘स्कूटर्स इंडिया’ हा सरकारी कारखाना होता. ही कंपनी १९७२ मध्ये स्थापन झाली. इटलीतील इनोसेंटी कंपनीची यंत्रे आणून तिने लँब्रेटाच्या घडणीची ‘विजय सुपर’ स्कूटर बनवली. २०२१ मध्ये कंपनी बंद करण्याचा निर्णय झाला. लँब्रेटाला नळीची वेगळी चौकट असते आणि बाजूचे पत्रे सहज निघतात. नवशिक्याच्या चुका येथे थोडक्यात निभावतात.

वाहन कोणतेही असो, एक वही हवीच. प्रत्येक भाग काढण्यापूर्वी छायाचित्र घ्यावे, त्याचे स्क्रू वेगळ्या डबीत ठेवावेत व डबीवर चिठ्ठी लावावी. वहीचा खरा उपयोग मात्र याहून मोठा आहे. पद्मिनीच्या दुरुस्तीचे ज्ञान पुस्तकांपेक्षा टॅक्सी दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींच्या हातात अधिक आहे. इंजिनाचा आवाज ऐकून बिघाड सांगणाऱ्या यांतल्या कित्येकांनी स्वतः कधी काही लिहून ठेवलेले नाही. टॅक्सी गेल्या, हे हातही आता दुसऱ्या कामांकडे वळत आहेत. त्यांच्याशेजारी बसून, ते जे सांगतात ते त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्यावे आणि संध्याकाळी वाचून दाखवावे. मिस्त्री कोठेतरी थांबवून म्हणतील, “असं नाही, आधी मोठा नट सैल करायचा.” ती ओळ खोडून पुन्हा लिहावी.

पाठगत प्रश्न

१. बंद इंजिनाची, पण धड पत्र्याची गाडी नवशिक्याने का निवडावी?

२. ‘रंग शेजाऱ्यांना दिसतो’ या वाक्यातून लेखकाला काय सुचवायचे आहे?

३. तुमच्या परिसरातील एखाद्या कारागिराला भेटा. त्याच्या कामाची एक कृती त्याच्याच शब्दांत दहा ओळींत लिहा व त्याला वाचून दाखवा.