इंग्रजीच्या तासाला परिसराचे पाठ

पर्यावरणाचे भान शालेय वयातच यावे, हा विचार आता नवा राहिलेला नाही. १९७२ साली स्टॉकहोम येथे मानवी पर्यावरणाविषयी संयुक्त राष्ट्रांची परिषद भरली. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने वने, सरोवरे, नद्या व वन्यजीव ह्यांचे रक्षण करणे हे नागरिकांचे मूलभूत कर्तव्य ठरविले. १९७७ साली तिबिलिसी येथील परिषदेने हे शिक्षण अनेक विषयांच्या समन्वयातून द्यावे, अशी शिफारस केली. पुढे २२ नोव्हेंबर १९९१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण हा विषय शाळा-महाविद्यालयांतून सक्तीने शिकविण्याबाबत निर्देश दिले. ह्या समन्वयात भूगोल व विज्ञान ह्यांचा वाटा सहज ध्यानी येतो. इंग्रजीच्या तासाचा वाटा मात्र बहुधा दुर्लक्षित राहतो.

पाठांतराचा निबंध

महाराष्ट्रातील मराठी माध्यमाच्या शाळांत पूर्वी पाचवीपासून इंग्रजी शिकविले जात असे. २००० सालापासून ते पहिलीपासून शिकविले जाऊ लागले. अध्यापनाची वर्षे वाढली, तरी पुष्कळ मुलांना ह्या भाषेत स्वतःचे असे काही सांगण्याचा प्रसंग क्वचितच येतो. ‘पोल्यूशन’ ह्या विषयावरील निबंध मार्गदर्शिकेतून पाठ केला जातो व परीक्षेत उतरविला जातो. त्यातून भाषाही येत नाही आणि आपल्या गावची नदी कशाने दूषित झाली, हेही कळत नाही. भाषा शिकण्यास सांगण्याजोगा आशय लागतो आणि परिसर समजून घेण्यास नेमकी निरीक्षणे व नेमके शब्द लागतात. ह्या दोन्ही गरजा एकाच तासात भागविता येतील काय, हा येथील प्रश्न आहे. पुणे शहरापुरता विचार केला, तरी त्यासाठी साहित्याची उणीव नाही.

गळका नळ

शाळेतील गळक्या नळापासून आरंभ करावा. नळाखाली दहा मिनिटे भांडे ठेवून जमलेले पाणी मोजावे. ते ३० मिलिलिटर भरले, तर दिवसाच्या चोवीस तासांत त्याच्या १४४ पट, म्हणजे ४ लिटर ३२० मिलिलिटर पाणी वाया जाते. हा हिशेब मुलांनी स्वतः केलेला असल्यामुळे ‘हाऊ मच’ हा प्रश्न आणि ‘इफ’ने सुरू होणारे वाक्य ह्यांना अर्थ प्राप्त होतो. त्यानंतर नळ दुरुस्त करण्याविषयी मुख्याध्यापकांना इंग्रजीत अर्ज लिहावा. अर्जलेखन अभ्यासक्रमात असतेच. येथे त्या अर्जाला खरे कारण आणि खरा वाचक लाभतो. मुख्याध्यापकांनीही अर्जाची दखल घेऊन उत्तर द्यावे, हे ओघानेच आले.

पानशेतचा पूर

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे बांधकाम चालू असलेले मातीचे धरण फुटले. त्या लोंढ्याने खडकवासल्याचे धरणही फुटले आणि मुठेच्या पुराने नदीकाठच्या पेठा उद्ध्वस्त केल्या. तो दिवस ज्यांनी पाहिला, अशी माणसे आता वृद्ध झाली आहेत. मुलांनी त्यांना मराठीतून प्रश्न विचारावेत, उत्तरे मराठीतच टिपून घ्यावीत आणि वर्गात त्यांतील पाच-सहा वाक्ये इंग्रजीत मांडावीत. साध्या भूतकाळाचा ह्याहून चांगला सराव मिळणे कठीण. शिवाय नदीला स्वतःचे पात्र लागते, हे कोणत्याही व्याख्यानाशिवाय उमगते. मातृभाषेत मिळविलेले ज्ञान इंग्रजीत मांडणे, ही ह्या पाठाची खरी पायरी होय. तेथे मराठीचा वापर हा दोष मानू नये.

कचऱ्याचा प्रवास

पुणे शहराचा कचरा वर्षानुवर्षे उरुळी देवाची व फुरसुंगी ह्या गावांच्या हद्दीत टाकला जात होता व तेथील ग्रामस्थांनी त्याविरुद्ध आंदोलने केली. दुसरीकडे, ह्याच शहरात १९९३ साली ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. वरच्या वर्गांत ह्या विषयावर दोन बाजूंची चर्चा घ्यावी : एका गटाने शहरवासीयांचे, दुसऱ्याने ग्रामस्थांचे म्हणणे मांडावे. ‘शुड’ व ‘मस्ट’ ह्यांतील भेद अशा चर्चेत जितका स्पष्ट होतो, तितका व्याकरणाच्या नियमाने होत नाही. खालच्या वर्गांत ओला व सुका कचरा वेगळा करण्याच्या सूचना इंग्रजीत लिहून वर्गात लावाव्यात. आज्ञार्थी वाक्यांचा तो उत्तम पाठ ठरेल.

काही पथ्ये

हे करताना काही पथ्ये पाळणे अगत्याचे आहे. तास इंग्रजीचा आहे, ह्याचा विसर पडू देऊ नये. एका पाठात आठ-दहांहून अधिक नवे शब्द घालू नयेत. माहितीची चूक आणि भाषेची चूक वेगवेगळी तपासावी. उपदेशपर वाक्ये घोकून घेण्याऐवजी मुलाने पाहिलेली एक गोष्ट सांगणारे एक शुद्ध वाक्य अधिक मोलाचे मानावे. पाठ्यपुस्तक बाजूस ठेवण्याचे कारण नाही; त्यातील धड्याला परिसरातील एक उदाहरण जोडले, तरी पुरे.

ग्रामीण भागात नळाच्या जागी विहीर, ओढा वा गायरान घेता येईल. पंचायत सदस्यांनी विहिरींच्या पाण्याची पातळी, लावलेली व जगलेली झाडे ह्यांची माहिती शाळेस पुरविली, तर शिक्षकांचे काम सुकर होईल. शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनीही शाळाभेटीत पाठ केलेला निबंध ऐकण्याऐवजी मुलांच्या निरीक्षणवह्या पाहाव्यात. अधिकारी ज्याची विचारणा करतो, तेच वर्गात रुजते.