नाव ठरेपर्यंत

बाळाचं नाव ठरत नाही म्हणून कासावीस झालेल्या आईबाबांनो, आधी एक सांगते: घाई करू नका. जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते, पण ती नावाशिवायही होते. नाव वर्षभरात फी न भरता घालता येतं, पुढे 15 वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. तेव्हा राशीचं अक्षर, आजीचा हट्ट आणि मोबाइलवरच्या याद्या यांचं भांडण खुशाल चालू द्या.

तोवर घरात एखादं लाडाचं नाव आपोआप रुजतंच. कुणी ठम्या म्हणतं, कुणी चिंगी, कुणी नुसतंच पिल्लू. ते हलक्यात घेऊ नका हं. टिळकांचं पाळण्यातलं नाव केशव, घरात म्हणायचे बाळ; इतिहासात राहिलं ते बाळच.

पूर्वी मुलं जगत नसत, तेव्हा दृष्ट लागू नये म्हणून धोंडू, दगडू, केरू अशी ओबडधोबड नावं मुद्दाम ठेवत. त्यामागे पोटातली भीती होती. काळी, ढोल्या, नकटी यांच्यामागे मात्र काहीच नाही, नुसती थट्टा. पाहुण्यांपैकी कुणी अशी हाक सुरू केली तर पहिल्याच दिवशी हसत हसत मोडून काढा. महिनाभराने ती सगळ्यांच्या तोंडी बसलेली असते.

आता गोप्याविषयी. बारशाला वरवंट्याला न्हाऊ घालून, हळदकुंकू लावून, टोपडं चढवून पाळण्याखालून-वरून इकडून तिकडे देतात, तो हा. बाळ दगडासारखं धट्टंकट्टं व्हावं, ही त्यातली इच्छा. पण खरी मजा बायकांच्या खिदळण्यात असते: कुणी त्याला काजळाचे डोळे काढतं, कुणी गालावर तीट लावतं, 'नाक आत्यावर गेलंय' असं कुणीतरी हमखास म्हणतं. (आत्याही हसते. त्या दिवशी मान तिचाच असतो.) मिक्सर आल्यापासून वरवंटा शेजारून मागून आणावा लागतो. माझं ऐकाल तर एक वरवंटा घरचाच ठेवा, नाहीतर खलबत्त्यातला बत्ता. चुलतभावंडं, मावसभावंडं, सगळ्यांच्या बारशाला तोच जाऊ दे. दर वाढदिवसाला मुलाशेजारी टोपडं घालून बसवा, फोटो काढा. मूल वाढत जातं, गोप्या तेवढाच राहतो, हे पाहून पोरं भारी खूश होतात.

घरात थोरलं भावंड असेल तर गोप्याची देखभाल त्याच्याकडे सोपवा. सगळे बाळाभोवती गोळा झालेले असताना त्यालाही कुणाचं तरी ताई-दादा होऊन मिरवता येतं. उचलायचं काम तेवढं मोठ्यांनी करावं, पायावर पडला तर नखं काळीनिळी होतील. विधी आटोपला की तो पाळण्यातून लगेच बाहेर काढा. भेट आलेले अस्वल, ससे यांचंही तसंच: पहिलं वर्षभर बाळ झोपतं तिथे मऊ खेळणी, उशा नकोत, नाकातोंडावर येऊन श्वास कोंडू शकतो.

आणि एक. सात-आठ वर्षांचं झालं की तेच मूल एक दिवस सांगेल, 'शाळेच्या फाटकाशी मला पिल्लू म्हणायचं नाही.' ऐका त्याचं, वाद घालू नका. आजी-आजोबांना मात्र सूट द्यावी लागेल, ते काही ऐकणार नाहीत.