टाइल बसविण्यापूर्वी : शालेय स्वच्छतागृहाच्या भिंती व जमीन

शाळेच्या स्वच्छतागृहास टाइल बसविण्याचे काम निघाले म्हणजे शिक्षकाचे लक्ष बहुधा टाइलच्या रंगाकडे व किमतीकडे जाते. गवंडी आपले काम जाणतो, आपण त्यात काय बोलावे, असा संकोचही वाटतो. परंतु टाइलच्या सांध्यांतून पाणी थोडेबहुत झिरपतेच. ते अडवावयाचे असते मागच्या गिलाव्याने व खालच्या थराने. एकदा टाइल बसली की हे दोन्ही दृष्टीआड होतात. म्हणून पाहावयाचे ते आधी पाहिले पाहिजे, आणि कामाच्या जागी रोज हजर असणारा माणूस शिक्षकच होय.

एका शाळेत प्रस्तुत लेखकाने पाहिलेला प्रकार सांगतो. जुन्या भिंतीवरील चुन्याची सफेदी न खरवडताच तीवर टाइल लावण्यात आल्या. दुसऱ्या पावसाळ्यात त्या ओळीने गळून पडल्या. प्रत्येकीच्या पाठीला सफेदीचा पापुद्रा चिकटलेला होता. सिमेंटने टाइल धरली होती, पण ती पापुद्र्यास धरली होती, भिंतीस नव्हे. फुटक्या टाइलांनी पाय कापू नयेत म्हणून मुलींच्या बाजूस कुलूप लावावे लागले. वरच्या वर्गांतील मुली मधल्या सुट्टीत घरी जाऊ लागल्या, आणि त्यांतील काही दुपारी परतेनाशा झाल्या. मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे असावीत असे शिक्षण हक्क अधिनियम, 2009 च्या अनुसूचीत म्हटले आहे. परंतु कुलूपबंद स्वच्छतागृह असून नसल्यासारखेच.

प्रथम जमिनीकडे वळू. आपल्या जालना जिल्ह्यात काळी माती विपुल आहे. कापसाला ती मानवते, फरशीला नाही. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि वरची जमीन तिच्याबरोबर हलते. नव्या बांधकामात ही माती शक्य तितकी खोल काढून टाकावी व तेथे मुरूम भरावा. मुरूम एकदम न भरता वीतभराहून कमी जाडीच्या थरांनी, पाणी शिंपडून धुमसाने चोपावा. त्यावर दगडांची सोलिंग व मग काँक्रीट. चोपण्याचे काम कंटाळवाणे असल्यामुळे नेमके तेच टाळले जाते.

भिंत जुनी असेल तर सफेदी, रंग, तेलरंग सर्व खरवडून काढावे. नंतर लाकडी दांड्याने ठोकत जावे. जेथे पोकळ आवाज येईल तेथील गिलावा पाडून नवा करावा. खाली पांढरी पूड सुटत असेल तर तो लोणा होय. तो झाडून वर टाइल लावणे म्हणजे रोग झाकणे. ओल कोठून येते, गळक्या नळातून की पायातून, ते आधी शोधले पाहिजे. संशय असल्यास हातभर प्लॅस्टिकचा तुकडा भिंतीवर चारही कडांनी चिकटवून रात्रभर ठेवावा. सकाळी आत दव दिसले तर भिंत अद्याप ओली आहे. गुळगुळीत काँक्रीटवर छिन्नीने टाचे मारावेत.

नवा गिलावा ओळंब्यात असावा, पण घोटून गुळगुळीत करू नये. लाकडी रंध्याने खरबरीत ठेवलेला गिलावाच टाइल धरतो. त्यास निदान सात दिवस पाणी मारावे. एप्रिल-मे महिन्यांत पाण्याची टंचाई असते व ऊनही कडक असते; अशा वेळी भिंतीवर ओले गोणपाट टांगल्यास थोड्या पाण्यात काम भागते. मार्चअखेरच्या घाईत हे सात दिवस बहुधा तिनांवर येतात. तेथे मुख्याध्यापकांनी व शाळा व्यवस्थापन समितीने नाही म्हणावयास शिकले पाहिजे.

भिंत व जमीन मिळतात तो कोपरा सर्वांत नाजूक. तेथे जलरोधक द्रव्य मिसळलेल्या सिमेंटची गोलाई द्यावी. गवंडी तिला वाटा म्हणतात. नहाणी ट्रॅपच्या भोवतालची फटही तशीच भरून घ्यावी. स्वच्छतागृहाची जमीन बाहेरच्या ओट्यापेक्षा थोडी खाली असावी.

उताराचा हिशोब मुलांकडून करवून घेण्याजोगा आहे. सर्वसाधारणपणे 60 सेंटिमीटरला 1 सेंटिमीटर उतार पुरतो. दारापासून ट्रॅप 180 सेंटिमीटरवर असेल, तर ट्रॅपचे तोंड 3 सेंटिमीटर खाली हवे. हा उतार खालच्या काँक्रीटमध्येच काढलेला असावा. वरच्या मसाल्याची जाडी कमीअधिक करून साधलेला उतार पुढे दगा देतो. कोपरा काटकोनात आहे की नाही हे पाहण्यास एका भिंतीवर 60 व दुसरीवर 80 सेंटिमीटरवर खूण करावी. दोन खुणांमधील अंतर बरोबर 100 भरले पाहिजे. सातवीच्या वर्गास पायथागोरसचा सिद्धांत शिकविताना याहून चांगले साधन मिळणे कठीण. गवंडीकाकांना गुण्या व पाणसळ घेऊन वर्गात बोलवावे. ते आनंदाने येतात.

जलरोधक थर वाळल्यावर, परंतु फरशी बसविण्यापूर्वी, शेवटची परीक्षा घ्यावी. ट्रॅपचे तोंड बोळ्याने घट्ट बंद करून दारात मसाल्याचा लहानसा बांध घालावा व जमीन पूर्ण बुडेल इतके पाणी साठवावे. पातळीची खूण पेन्सिलीने करून एक अहोरात्र थांबावे. पाणी घटले म्हणजे ते झिरपलेच असे मात्र समजू नये, कारण आपल्याकडील उन्हात काही मिलिमीटर पाणी नुसते उडून जाते. म्हणून शेजारी तितकेच खोल पाणी भरलेली परात ठेवावी. परातीतील घट वजा जाता जी घट उरेल तेवढीच झिरप. झिरप आढळल्यास कोपरे व ट्रॅप पुन्हा तपासून दुरुस्ती करावी व परीक्षा पुन्हा घ्यावी.

टाइलविषयी थोडेच सांगतो. भिंतीची साधी सिरॅमिक टाइल पाणी शोषते, म्हणून सिमेंटने लावण्यापूर्वी ती भिजवून घेतात. व्हिट्रिफाइड टाइल जवळजवळ पाणी शोषत नाही. तीस चिकटविण्याचे वेगळे द्रव्य लागते. जमिनीस खरबरीत टाइलच घ्यावी, कारण मुले धावत येतात.

परीक्षेचे पाणी बादल्यांनी उपसून पुढच्या गिलाव्यास मारण्याकरिता ठेवावे.